नातीच्या लग्नात माझी दाढ

सत्तरी ओलांडली तरी माझ्या तोंडात बत्तीस दात होते आणि सगळे माझेच होते. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगायचो. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगीत माझ्या वयाचे सहा-सातजण आहेत. त्यातले निम्मे दात काढून वाटीत ठेवतात आणि उरलेले हसताना तोंडावर हात धरतात. मी ऊस दातांनी सोलायचो. दाताच्या डॉक्टरची पायरी मी कधी चढलो नव्हतो, आणि चढणाऱ्यांना थोडं कमीच लेखायचो.

दातांचा एवढा गर्व कशाला, तर तोंड हीच माझी इस्टेट. आमच्या मालवणी माणसांत कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. घरातला एक जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवतो, हात जोडतो आणि देवाला खड्या आवाजात सांगतो, बाबा रे, आज अमकं कार्य काढलंय, लेकरं जमलीयत, सांभाळून घे. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." आमच्या भावकीत काका गेल्यापासून हे काम माझ्याकडे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत किती बारशी, किती सत्यनारायण, किती रिक्षा आणि टेम्पोंच्या पूजा मी गाऱ्हाणं घालून मार्गी लावल्या, त्याचा हिशेब देवाकडे. शाळा माझी चौथीपर्यंत. कागद कधी लागला नाही. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा, माईक मी हाताने बाजूला करायचो.

आणि आता नातीचं लग्न होतं. एकुलती एक नात. रविवारचा मुहूर्त, मुलुंडातलाच हॉल, आणि गाऱ्हाणं अर्थातच माझं. लग्नाला दोन आठवडे असताना उजवीकडची खालची शेवटची दाढ ठणकायला लागली.

मी कोणाला सांगितलं नाही. दाढ काढली की पंधरा दिवस तोंड वाकडं राहतं, असं मला खाली नाक्यावर कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते खरं मानून बसलो. वाकड्या तोंडाने देवापुढे उभं राहायचं? म्हणून मग माझे मीच उपाय सुरू केले. लवंग दाबली. मिठाच्या गुळण्या केल्या. मिश्री भरली. मेडिकलवाल्याकडून ठणक्याच्या गोळ्या आणल्या, त्या दिवसाला दोन घ्यायच्या तर मी चार घेतल्या. बायकोच्या जुन्या आजारातल्या दोन कॅप्सूल डब्यात उरल्या होत्या, त्याही गिळल्या. त्याने एक दिवस बरं वाटलं आणि मी स्वतःला डॉक्टर समजायला लागलो.

मग मी कौल लावला. गावाला देवळात गुरव लावतो तसा. देवाच्या तसबिरीवर ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी विचारलं, "देवा, लग्न होईपर्यंत दाढ सांभाळणार असशील तर उजवा दे." शब्द संपायच्या आत उजवी पाकळी पडली. एवढा तत्पर देव मी आयुष्यात बघितला नव्हता. बायको मागे भाजी निवडत बसली होती.

"पंखो उजव्या बाजून लागता," ती म्हणाली. "उजवी पाकळी नाय पडतली तर काय होतला?"

"देवाच्या कामात पंख्याक आणू नको."

"मगे पंखो बंद करून परत विचारा."

"एकदा दिलेलो कौल परत इचारूचो नसता," मी म्हणालो. हा नियम मी त्याच क्षणी केला होता.

गाल सुजला तेव्हा मी तव्यावर फडकं तापवून शेक द्यायला लागलो. शेकलं की बरं वाटायचं, म्हणून आणखी शेकायचो. नंतर हॉस्पिटलात कळलं की बाहेरून असा शेक देणं म्हणजे आतल्या पुवाला बाहेरचा रस्ता दाखवणं. तेव्हा मला वाटत होतं, सूज पिकतेय म्हणजे उतरणार.

शनिवारी, म्हणजे लग्नाला आठ दिवस असताना, मी न्हाणीत गाऱ्हाण्याचा सराव करत होतो. आवाज माझा वाटेना. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. बाहेर आलो तर समोर माझा चुलतभाऊ बसलेला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बी.कॉम., ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मला दादा म्हणतो. या माणसाने गाऱ्हाणं मोबाईलमध्ये टाईप करून ठेवलंय, मोठ्या अक्षरांत. हे मला कळलं त्या दिवसापासून आमचं जरा बिनसलेलंच होतं.

"दादा, आवाज बसलो मां तुझो?" तो म्हणाला. "रविवारी वाटला तर मी म्हणतंय. तयारी आसा माझी."

"तुझी तयारी चार्जिंगवर चलता," मी म्हणालो. "माझी न्हय."

एवढं बोलायला मला तीन वेळा लाळ गिळावी लागली, आणि प्रत्येक गिळण्याला कानापर्यंत कळ गेली. पण तो गेल्यावर मी ठरवलंच. आता मेलो तरी दाढेचं नाव काढायचं नाही.

सोमवारी सकाळी नात आली. ती घाटकोपरला नोकरी करते, लग्नासाठी रजा टाकली होती. आजीला शालू दाखवायला आली आणि शालू पिशवीतच राहिला. मी खुर्चीत पुढे वाकून बसलो होतो, कारण मागे टेकलं की श्वास अडकायचा. लाळ गिळता येईना म्हणून हातात पंचा. गालाची सूज हनुवटीखाली उतरून गळा फळीसारखा कडक झालेला.

"आजोबा, तोंड उघड."

मी मान हलवली.

"उघड म्हणते ना. माझं एक बोट जाईल एवढं तरी उघड."

नाही गेलं. करंगळी लावून बघितली, तीही दातांवर अडली. तिने आजीकडे बघितलं.

"माका कित्याक बघतस?" बायको म्हणाली. "तेंचो देव पंख्यावर चलता."

नातीने मला रिक्षात घातलं. गल्लीच्या तोंडाशी एक दातांची डॉक्टरीण आहे, तिच्याकडे. मी आयुष्यात पहिल्यांदा ती पायरी चढलो आणि तिने मला खुर्चीतसुद्धा बसू दिलं नाही. बॅटरी मारली, गळ्याखाली दोन बोटं दाबली, जीभ बाहेर काढायला सांगितली. निघेना. ती नातीला म्हणाली, "रिक्षा सोडली का?"

"नाही, खाली थांबलीय."

"मग त्याच रिक्षाने मोठ्या हॉस्पिटलात न्या. घरी कपडे घ्यायलासुद्धा थांबू नका. हे आता दाताचं दुखणं राहिलेलं नाही. पू गळ्यात उतरलाय, श्वासाची वाट बंद होईल. वाटेत आडवं झोपवू नका." तिने एका चिठ्ठीवर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि स्वतः फोन लावून तिथे कोणालातरी सांगितलं.

हॉस्पिटलात मला कोणी रांगेत उभं केलं नाही. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता. एकाने हातात सुई घातली, एकाने बोटाला टोचलं आणि म्हणाला, "शुगर किती दिवसांपासून आहे?" मी हाताने सांगितलं, मला शुगर नाही. त्याने यंत्र माझ्यासमोर धरलं. आकडा मोठा होता. ती कधीपासून माझ्या अंगात राहत होती, भाडं न देता, देव जाणे. त्या साखरेनेच पुवाला खतपाणी घातलं होतं.

जबड्याची सर्जन बाई तरुण होती. नातीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. ती मला उभ्या उभ्याच समजावत होती. गळ्याखाली छेद देऊन पू काढायचा, दाढ त्याच वेळी काढायची. पण भूल द्यायच्या आधी जागेपणी नाकातून एक नळी श्वासनळीत घालायची, कारण तोंडातून वाट नाही. नाकातून नाही जमली तर गळ्याला पुढून भोक पाडावं लागेल.

मी नातीच्या हातावर बोटाने लिहिलं. माझं अक्षर असं की ते हातावर आणि कागदावर सारखंच. तिने तरी वाचलं.

"आवाजाचं विचारतायत. रविवारी माझं लग्न आहे, त्यांना देवापुढे बोलायचं असतं."

सर्जन बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आधी श्वास ठेवूया. मग आवाज मागू."

ऑपरेशनच्या खोलीत खूप थंडी होती. नाकात कसलंतरी औषध मारलं, घसा बधिर झाला. नळी आत सरकताना मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गाऱ्हाणं सुरू केलं. मनातल्या मनात असं मला वाटत होतं. बा रवळनाथा, आज तुझ्या लेकरान् जबड्याचा कार्य काढलेला आसा. तेवढ्यात उशाकडून हळूच आवाज आला, "व्हय म्हाराजा." डोळे उघडून बघतो तर स्ट्रेचर ढकलणारा मामा, मास्कमागे डोळे हसतायत. म्हणाला, "काका, मी कुडाळचो. तुमी चालू ठेवा." मी पुढचं वाक्य शोधत होतो, तर छताच्या दिव्याला दोन पाय फुटले आणि तो नाचायला लागला. मला एवढं हसू आलं की विचारू नका. त्यापुढचं माहीत नाही.

जागा झालो तो नाकात नळी तशीच. दुसऱ्या दिवशी ती निघाली. गळ्याला भोक पाडावं लागलं नव्हतं. हनुवटीखाली दोन ठिकाणी रबराच्या पट्ट्या लोंबत होत्या, त्यातून पू बँडेजच्या पट्टीत झिरपायचा. दाढ एका बाटलीत होती, मुळाशी काळी. मी तिच्याकडे रागाने बघितलं. पण अंगातून जे काही निघून गेलं होतं त्याने मी हवेत तरंगत होतो. ठणका नाही, ताप नाही, श्वास सरळ. सकाळी जेवणाच्या वेगळ्या नळीने ताक थेट पोटात गेलं तर वाटलं, खालच्या मजल्यावर पार्टी आहे आणि तोंडाला आमंत्रण नाही.

शेजारच्या खाटेवर मानखुर्दचा एक रिक्षावाला होता, दोन पोरांचा बाप. त्याचा जबडा मोडला होता आणि वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकले होते. तो दातांच्या फटीतून बोलायचा.

"काका, तुमचं उघडत नाय, माझं उघडू देत नाय. झकास जोडी."

मला हसू आलं, हसल्यावर छेद दुखला, दुखल्यावर तो हसला आणि त्याची तार ओढली गेली. तो आई गं करायला लागला, ते बंद दातांतून असं काही ऐकू आलं की मी परत हसलो. शेवटी सिस्टर आली आणि आमच्यामध्ये पडदा ओढून गेली. पडद्यामागून दोघांचे फुसफुस आवाज.

तोंड उघडायचा व्यायाम म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या. डॉक्टर जीभ दाबतात तसल्या, आइस्क्रीमच्या काडीच्या मोठ्या बहिणी. त्या दातांमध्ये एकावर एक घालायच्या आणि धरून ठेवायच्या. बुधवारी चार बसल्या. गाऱ्हाण्याला किती लागतील, याचा मी अंदाज केला. देवाचं नाव घ्यायला सहा पुरतील, पण "म्हाराजा" मधला "हा" काढायचा तर निदान पंधरा. गुरुवारी पाच. शुक्रवारी मला सात हव्या होत्या, सहाव्यानंतर दोन एकदम ठोसल्या. त्या अडकल्या. पुढेही जाईनात, मागेही येईनात. सिस्टरने दोन्ही हातांनी काढल्या आणि पट्ट्यांचा गठ्ठा स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला. "आता मागून घ्यायच्या," म्हणाली. सत्तरीच्या माणसाला शाळेत असल्यासारखं.

शनिवारी मी सुटी मागितली. दातांतल्या दातांत बोलत होतो, पण शब्द कळत होते. सर्जन बाईने पट्टी उघडून दाखवली.

"अजून येतंय बघा. शुगर आत्ता कुठे उतरतेय. तीन-चार दिवस तरी सलाइनमधून औषध हवं. मध्येच सोडलं तर पू छातीकडे उतरू शकतो. तिथे उतरला तर मलाही फार काही करता येणार नाही."

"आणि मी सही करून गेलो तर?"

"तर मी अडवू शकत नाही. कागद आहे त्याचा."

"कागद द्या," मी म्हणालो.

तिने वाद घातला नाही. कागद ठेवला, पेन ठेवलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. मला सही करायला वेळ लागतो. पहिलं अक्षर काढलं होतं तेवढ्यात नात आली, दोन्ही हात मेंदीने कोपरापर्यंत भरलेले, आजी मागून तिची पर्स धरून. तिने कागद वाचला. हात लावता येत नव्हता म्हणून कोपराने पेन खाली पाडलं.

"उद्या येणारेस?"

"एवढ्यापुरता. गाऱ्हाणा घालून परत इथे."

"आजोबा, तू ह्या अवतारात हॉलमध्ये आलास ना, तर सगळे तुझ्या गळ्यातल्या रबराच्या पट्ट्या बघणार. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र कोण बघणार?"

मी खाली पडलेलं पेन शोधायला लागलो.

"फोटोग्राफरसुद्धा तुझेच फोटो काढेल," ती म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "सोमवारी रिक्षात तू माझ्या खांद्यावर होतास आणि तुझा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. प्रत्येक सिग्नलला मी तो मोजत होते. मला ते परत नको. माझ्या लग्नाच्या दिवशी तर नकोच."

बायको खाली वाकली, पेन उचललं आणि स्वतःच्या कमरेला खोचलं. कागद तिथेच एका अक्षरावर राहिला.

माणसाला हरायचं असेल तर पूर्ण हरावं. मी चुलतभावाला बोलावून घेतलं. तो संध्याकाळी आला, खाटेच्या कडेला अंग चोरून बसला, मोबाईल हातात.

"तो खिशात ठेव," मी म्हणालो. "आणि ऐक. आधी गावचो देव, मगे कुळाचो, मगे मुंबयचो. मुंबयच्या देवाक इसरू नको, तेच्या गावात रवतंव आपण. वाक्य संपला की थांब. लोकांका म्हणूक येळ दी."

"दादा, फुडचा इसारलंय तर?"

"तर मनातला सांग. देवाक सगळा चलता."

हे मी त्याला सांगितलं आणि मलाच नवल वाटलं, कारण इतकी वर्षं मी कोणाला एक शब्द इकडचा तिकडे करू दिला नव्हता. त्याने दोनदा म्हणून दाखवलं. आवाज बारीक, पण सूर बरा. पडद्यामागून रिक्षावाला बंद दातांतून म्हणाला, "व्हय म्हाराजा." काय अर्थ आहे त्याला माहीत नव्हतं. त्याला आवडलं.

रविवारी माझ्या मुलाने हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला. सिस्टरने फोन औषधाच्या कपाटावर बाटलीला टेकवून ठेवला. पुरुषांच्या वॉर्डातले चालू शकणारे सगळे माझ्या खाटेपाशी. मामाही कुठूनतरी आला. नात दिसली, चेहरा एवढुसा. मग चुलतभाऊ देवापुढे उभा राहिला. हात रिकामे. मला त्याचे कान दिसत होते, लाल झालेले.

त्याने गावचा देव घेतला, कुळाचा घेतला, मुंबईचा घेतला. दोन्ही घराण्यांचो येलविस्तार होवंदे, म्हणाला. हॉल म्हणाला, व्हय म्हाराजा. नवऱ्या मुलाकडची माणसं घाटावरची, त्यांना पहिल्या दोन वाक्यांना काही कळलं नाही, तिसऱ्यापासून तीही म्हणायला लागली, आमच्यापेक्षा मोठ्याने. मी कान लावून चूक शोधत होतो. खरं सांगतो, एक तरी चूक निघावी असं मला वाटत होतं. निघाली नाही.

मग तो थांबला. लांब थांबला. मला वाटलं, विसरला. आणि वाईट वाटायच्या आधी मला जरा बरं वाटलं, तेही सांगून टाकतो.

तो विसरला नव्हता. त्याने नाक ओढलं आणि म्हणाला, "आणि बा देवा म्हाराजा, आज हय जेणा उभा रवाक होया होता, तो आमचो थोरलो दादा हास्पिटलात पडलेलो आसा. तेची दाढ तर गेली. पण तेचो जबडो पयल्यासारखो उघडांदे, आणि तेका आमच्या डोक्यार ओरडाक परत घरी आण रे म्हाराजा."

हॉलमध्ये हशा पिकला आणि त्या हशातच सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. माझ्या गेलेल्या दाढेसाठी अख्खा मांडव देवाला सांगत होता. मुलाकडची माणसं तर हात जोडून, डोळे मिटून. त्यांना वाटलं असणार, दाढ ही आमची कोणी कुळदेवी असेल.

वॉर्डात सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर मी गाऱ्हाणं घातलं, लोकांनी व्हय म्हटलं. व्हय म्हणायची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती, आणि ते कुठल्या सुरात म्हणतात हेही मला नीट ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं. जेवढं उघडलं तेवढं. "व्हय म्हाराजा," मी म्हणालो. "हा" काही पुरता निघाला नाही, पण बाकीचं वॉर्डाच्या दारापर्यंत गेलं, कारण दारातून सिस्टर धावत आली.

"आजोबा, बोलायचं नाही जोरात. पट्टी भिजली बघा."

पट्टी भिजली होती. तिने बदलायला घेतली. फोनवर मंगलाष्टकं सुरू झाली, आणि सिस्टर पट्टी बांधता बांधता फोनकडे वळून नवरी बघायला लागली. मी मान हलवू नये म्हणून तिने माझी हनुवटी एका हाताने धरून ठेवली होती. तशा धरलेल्या हनुवटीने मी नातीच्या डोक्यावर पडणाऱ्या अक्षता बघितल्या.